बिनकामाचा कागद

"खरवडू नको! डाव बाजूला ठेव आधी!"

कंपाउंडच्या भिंतीपलीकडून आवाज आला आणि हेमलताचा हात पातेल्यातच थबकला. बासुंदी खाली लागली होती. करपल्याचा वास क्रॉसच्या, म्हणजे गल्लीच्या तोंडापर्यंत गेला असावा. नवऱ्याच्या, अरविंदच्या, कारखान्यातले साहेब सपत्नीक जेवायला येणार होते, त्याला जेमतेम तास उरला होता. लग्न होऊन पुण्याहून बंगळूरला आल्यावरची ही तिची पहिली पंगत. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तेवढ्यात मागच्या दाराने शेजारच्या गोजराक्का आत आल्या. हातात विड्याची दोन पानं.

"वरचं वरचं दूध दुसऱ्या पातेल्यात ओत. तळाला हात लावू नको. सरी, झालं. आता ही पानं टाक, स्वल्प उकळू दे, मग काढून टाक."

"आणि वास हो, अक्का?"

"वास पान घेऊन जातंय. सुम्ने, उगीच रडतेस काय?"

साहेबीणबाईंनी बासुंदी दोनदा मागून घेतली. करपलेलं पातेलं गोजराक्कांनीच उचलून नेलं आणि संध्याकाळी राखेने घासून लखलखीत करून आणून दिलं. ही गोष्ट अठ्ठावन्न सालची, मल्लेश्वरममधली.

गोजराबाई घाटग्यांचं घराणं बंगळुरात तीनशे वर्षांपासूनचं. घरात बोलायचे मराठी, पण शाळा कन्नड. त्यामुळे मराठी त्यांच्या जिभेवर होती, कागदावरची मराठी मात्र त्यांना वाचता येत नव्हती. त्यांचे यजमान विठोजीराव जाऊन अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. परसात अबोली आणि जाई लावून त्या गजरे करत, बाजारातल्या फुलवालीला देत. रोज एक गजरा भिंतीवरून हेमलतालाही मिळे. स्वतः मात्र त्यांनी अकरा वर्षांत केसांत एक पाकळी माळली नव्हती.

त्यांच्या घरात कुठल्याही वस्तूला सुखाने मरण नव्हतं. "देवानं माणसाला एक जन्म दिला, वस्तूला आपण तीन द्यायचे," असं त्या म्हणत. लुगडं विरलं की त्याची गोधडी, गोधडी फाटली की पोतेरं. तांदूळ धुतलेलं पाणी अबोलीला, कॉफीचा चोथा गुलाबाला, कोळ काढलेली चिंच तांब्यापितळेला. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटून पुन्हा कामाला लागायची. तूरडाळीला एरंडेलाचा हात, तांदळात कडुनिंबाचा पाला. कागदाचं तर विचारूच नका. आधी फळीवर डब्यांखाली, मग गजऱ्याच्या पुडीला आणि शेवटी बंब पेटवायला. चिक्कू म्हणणारे त्यांना चिक्कू म्हणत. पण दारी आलेल्याला त्यांनी कधी कॉफीशिवाय सोडलं नाही, आणि ती कॉफीही दाट असे. काटकसर आणि कद्रूपणा यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं, हे हेमलता त्यांच्याकडे बघूनच शिकली.

शिकली, आणि लिहूही लागली. पुण्याच्या एका मासिकात गृहिणींच्या युक्त्या छापून येत. हेमलताने विड्याच्या पानाची युक्ती धाडली. छापून आली, खाली ठळक नाव: सौ. हेमलता दातार, बंगळूर. पुण्याहून नणंदेचं पत्र आलं. कारखान्यातल्या बायकांनी कौतुक केलं. मग चिंचेच्या चोथ्याची युक्ती गेली, मग एरंडेलाची. गोजराक्कांचं नाव घालावं असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण असल्या गोष्टी काय, सगळ्यांच्याच असतात, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मनाची समजूत घालायला कुणाला शिकवावं लागत नाही!

जुने अंक गोजराक्का रद्दीला म्हणून मागून नेत. एकदा फळीवर पान अंथरता अंथरता त्या म्हणाल्या, "हेमा, वाच की गं, काय लिहिलंय ह्यात. सारखं डब्याखाली घालते, डब्याला तरी कळत असेल."

हेमलताने हसत हसत वाचायला सुरुवात केली, आणि मधेच तिच्या लक्षात आलं की आपण विड्याच्या पानाची युक्ती वाचतो आहोत. तोवर उशीर झाला होता.

"अय्यो! हे तर आमचंच!" गोजराक्कांनी टाळी वाजवली. "कोण बाई ही? कुठली?"

"नागपूरची आहे कुणीतरी," हेमलताच्या तोंडून निघून गेलं.

"बघ! इतक्या लांब, तरी बरोबर माझ्यासारखंच करते. शहाणी दिसतेय."

त्या दिवसापासून दर महिन्याला अंक आला की भिंतीवरून प्रश्न यायचा, "आमच्या नागपूरच्या बाईनं काय लिहिलंय?" हेमलता वाचून दाखवी. गोजराक्का पोरीबाळीसारख्या खूश होत. "आमच्या सासूबाई असंच करायच्या," म्हणत. "ह्या बाईला अबोलीचं बी धाडू या का?" असंही एकदा म्हणाल्या, आणि खरोखरच कागदाच्या पुडीत बी बांधून त्यांनी हेमलताच्या हातात ठेवलं.

ती पुडी हेमलताने कपाटात लपवली. रात्रंदिवस ती पुडी तिला टोचत राहिली. आता ती गोजराक्कांचा रोजचा गजराही मान खाली घालून घेई. शेवटी चौथ्या दिवशी तिने संपादकांना पत्र लिहिलं. आजवर माझ्या नावाने छापलेल्या सगळ्या युक्त्या माझ्या नाहीत, माझ्या शेजारच्या गोजराबाई घाटगे यांच्या आहेत. मी चोरी केली, असंही तिने लिहिलं. अरविंदने वाचलं आणि एवढंच म्हणाला, "हे आधी त्यांना सांगायला हवं होतंस."

पण सांगायचा धीर होईना. दोन महिन्यांनी अंक आला. चौकटीत ठसठशीत छापलं होतं: 'या सर्व युक्त्या बंगळूरच्या सौ. गोजराबाई घाटगे यांच्या आहेत.'

हेमलता आधी हरखली आणि लगेच चरकली. तिने पत्रात नुसतं नाव लिहिलं होतं. मासिकाने रिवाजाप्रमाणे पुढे 'सौ.' लावून टाकलं होतं.

ती अंक घेऊन तशीच गेली. गोजराक्का ओसरीवर गजरा ओवत होत्या.

"अक्का, नागपूरची बाई नाहीये," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "कधीच नव्हती. ते सगळं तुमचं होतं. मी माझं नाव घातलं, आणि तुमच्याशी खोटं बोलले."

गोजराक्कांची सुई थांबली. त्यांनी अर्धा गजरा मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे ती नाहीच?"

"नाही."

"मला वाटलं होतं, आहे कुणीतरी. माझ्यासारखी."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं हेमलताला वाटलं. ती रडू लागली. गोजराक्कांनी तिला शेजारी बसवलं, तिच्या हातातला अंक घेतला. "बी परत आण. अबोली तुझ्या परसात लाव. वाया नको घालवू," त्या म्हणाल्या. "आता ह्यात माझं नाव घातलंस? कुठलं ते?"

हेमलताने बोट ठेवलं.

"आणि हे पुढचं, लहानसं?"

एक खोटं पचलं नव्हतं, दुसरं कुठून पचणार? "सौ. आहे, अक्का. त्यांची चूक झाली. मी आजच पत्र टाकते, पुढच्या अंकात दुरुस्ती छापतील."

गोजराक्कांनी त्या अक्षरावरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा.

"बेडा," त्या हळूच म्हणाल्या. "नको. एवढ्यासाठी कागद, पाकीट, पोस्टाचं तिकीट, सगळं फुकट जायचं. राहू दे तसंच."

महिन्याभराने हेमलता विरजण मागायला गेली, तेव्हा स्वयंपाकघरात डोकावली. फळीवर त्याच अंकाची पानं डब्यांखाली अंथरलेली होती. मुखपृष्ठाच्या गजऱ्यासाठी पुड्या झाल्या होत्या. जाहिरातींची पानं बंबाशेजारी चुरगळून पडली होती.

चौकटीचं पान मात्र आतल्या खोलीत होतं. विठोजीरावांच्या फोटोखाली ते चार कोपऱ्यांना भाताच्या शितांनी भिंतीला चिकटवलेलं होतं, आणि त्यावर खिळ्याला वीतभर अबोलीचा गजरा. त्या घरात काही म्हणजे काही कामाला न येणारी तेवढी एकच वस्तू होती.