एका बाटलीत तिघी

मी एक गाय आहे, आणि माझं आजवर कुणी खरं मानलेलं नाही. चार वर्षं घसा फोडून सांगतेय, माझ्या पोटात कुणीतरी राहतंय. पण हंबरले की हे लोक गवत टाकतात! तुम्ही तरी ऐका.

अंगावर पांढरे पट्टे, म्हणून आक्कांनी मला बांडी म्हटलं. आक्का म्हणजे मालकांची थोरली बहीण. गोठा त्यांच्या ताब्यात. मला त्या तळ्याकाठच्या चिखलात चरायला बांधायच्या, तिथलं गवत हिरवंगार म्हणून. त्या गवतात बारीक गोगलगायी. तिथूनच चपटे जंत आत आले आणि माझ्या यकृतात घर करून बसले.

औषधाची बाटली यायची एका जनावरापुरती. आक्का ती आम्हा तिघी गायींना घोटघोट पाजायच्या.

"एकीलाच दिलं तर बाकीच्यांनी काय तोंड बघायचं?"

बाकीच्या दोघी गोठ्यात बसून सुका चारा खाणाऱ्या. त्यांना कसले जंत! आणि माझे त्या घोटानं नुसती चूळ भरून पुन्हा कामाला लागायचे.

पुढं जंतांपायी गळ्याखाली पाणी साठलं, पिशवी लोंबायला लागली. आक्का म्हणाल्या, "बघा, कशी अंगानं भरलीय!"

मग लाळ्या-खुरकुताची लस टोचायला सरकारी दवाखान्यातली बाई आली. त्या दोघी दिवसभर तापल्या, कण्हल्या. मला काहीच नाही.

"हीच खरी दणकट," आक्का म्हणाल्या.

दणकट कसली! घुसखोरांशी भांडून भांडून माझं अंग थकलं होतं, गप्प राहायला शिकलं होतं. लस दार वाजवून गेली, आत कुणी उठलंच नाही.

साथ आली ती फक्त मला धरून बसली. तोंडात फोड, खुरांत जखमा. उभं राहवेना, बसवेना, आणि दावं तेवढंच आखूड.

आक्का टोचणाऱ्या बाईवर धावून गेल्या. "पाणी टोचलंस तू, पाणी! तुझी नोकरीच घालवते, थांब."

"अहो आक्का, एकाच बाटलीतून तिघींना टोचलंय. त्या दोघी ठणठणीत आहेत ना?"

"वर तोंड करून बोलू नकोस!"

तक्रार गेली. बाईला घरी बसवलं. तिच्या एकटीच्या पगारावर चालणारं घर, मला ठाऊक होतं, टोचताना ती बोलत असे माझ्याशी. मी दाव्याला हिसके दिले, गळा सोलून निघाला. आक्कांनी गवत टाकलं.

शेवटी तक्रारीची चौकशी करायला जनावरांचे डॉक्टर आले. शेण तपासलं.

"अंडीच अंडी आहेत. जुने जंत अंगाची लढायची ताकद दाबून टाकतात, मग चांगली लसही नीट लागू होत नाही. बाईची काही चूक नाही. जंताचं औषध पुरं दिलं होतं का?"

मालकांनी बहिणीकडे बघितलं. बहिणीनं माझ्याकडे.

डॉक्टरांनी तक्रारीवरचं बाईचं नाव खोडलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

"मग दोष कुणाचा लिहू?"

आक्कांनी कमरेवर हात ठेवले. "हिचाच. औषध कधी धड गिळलं नाही मेलीनं. लिहा... बांडी."