रोशनीच्या कादंबरीतली आत्या

"आत्याला उडवा," असं नितेश म्हणाला तेव्हा मी फोनमध्ये माझ्या मुलीला शोधत होते.

तेजलच्या पाळणाघराने कॅमेरा दिलाय. फोन उघडला की हॉल दिसतो, निळ्या गाद्या दिसतात आणि वरून बारकी बारकी डोकी. त्यातलं आपलं कुठलं ते कळायला वेळ लागतो. कळलं की बरं वाटतं, पण तेवढ्यापुरतंच. चैतन्य, माझा नवरा, म्हणतो, "अगं, दोन बायका आहेत तिथे तिला बघायला. तू तिसरी कशाला?" त्याला काय, त्याला ऑफिसात झोपसुद्धा लागते.

"कुठली आत्या?" मी विचारलं.

"सगुणा आत्या. एकच तर आहे. एक आहे, पण सगळीकडे आहे."

पोरं हसली. रोशनी नाही हसली. तिला बोलायला बंदी होती.

अंधेरीत, वर्सोव्याकडच्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर शनिवारी दुपारी आमचा वर्ग भरतो. शाळा-कॉलेजच्या उंबरठ्यावरच्या वाचकांसाठी कादंबरी लिहू पाहणारी मुलं येतात. स्वतःही काही फार मोठी नाहीत. तेजल व्हायच्या आधी मी एका प्रकाशनात संपादक होते. आता या मुलांची हस्तलिखितं घरी नेते आणि हिरव्या पेनाने समासात शेरे लिहून परत देते. नितेश घाटकोपरहून मेट्रोने येतो, त्याच्या कादंबरीत सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत भूत आहे. रोशनी मढहून खाडी ओलांडून तरीच्या होडीने येते. वर्गाचा नियम एकच, तो मीच केलेला: जिचं प्रकरण वाचलं जातंय तिने गप्प बसायचं. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत एक शब्द नाही. नाहीतर प्रत्येक जण आपलीच वकिली करत बसतो.

एका प्रकाशकाने आमच्या वर्गातली एक कादंबरी वाचायला मागितली होती. सोमवारी पाठवायची होती. मी रोशनीची निवडली होती.

"नीट सांग, नितेश. आत्याचं काय?"

"रागवू नका हां ताई. पण पहिल्या ड्राफ्टमध्ये रोशनीची रुचिका एकटी शूटिंगला जाते. घरी थाप मारून. आमची सगळ्यांची फाटली होती, आठवतंय? आता तिच्याबरोबर आत्या. आत्याच्या पिशवीत टॉवेल. आत्याकडे थर्मासमध्ये चहा. डायरेक्टरचा नंबर आत्याने घरी देऊन ठेवलाय. कोण देतं यार असं?"

मी दिला असता.

"आणि रुचिका खडकावरून उडी मारते तेव्हा आत्या खाली होडीत बसलेली! मग मी कशाला घाबरू? माझी आजी वाचेल तर म्हणेल, ही बाय दमत कशी नाय? पुस्तक रुचिकाचं आहे ना? आत्या तिला धड बुडूपण देत नाही."

रोशनीची कादंबरी अशी: मढमधला एक जुना बंगला शूटिंगला भाड्याने जातो. सिनेमाच्या नटीला पोहता येत नाही. तेव्हा गावातली सोळा वर्षांची रुचिका तिच्यासारखीच साडी नेसते आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून समुद्रात उड्या मारते. सिनेमात तिचा चेहरा कधीच दिसणार नसतो. मला हे पहिल्या वाचनातच फार आवडलं होतं. आवडलं होतं आणि रात्री पुन्हा पुन्हा आठवलं होतं.

"झालं सगळ्यांचं? रोशनी, आता तू बोल."

तिने मी तपासलेले कागद बॅगेतून काढले आणि पानं उलटायला लागली. प्रत्येक पानाच्या कडेला हिरवी शाई.

"आत्या माझी नाहीये," ती म्हणाली. "ताईंची आहे."

"म्हणजे?"

"'घरी कोणालाच माहीत नाही, हे पटत नाही.'" ती वाचत होती, शांतपणे, एकेका पानावरून. "'सेटवर ओळखीचं मोठं माणूस हवं.' 'पाण्यात बरोबर कोण आहे?' 'इथे तिने घरी एक फोन करावा.' प्रत्येक वेळी मी काय उत्तर देणार? म्हणून आत्या घातली. एकदा आली ती गेलीच नाही."

"वाट लागली," नितेश हळूच म्हणाला.

"मी सोमवारी नाही पाठवत, ताई. नितेशची पाठवा. मला माझीच वाचताना कंटाळा येतो."

तेवढ्यावर वर्ग संपला. बाकीचे चहाला खाली उतरले. रोशनी कागद बॅगेत कोंबत होती, कोपरे दुमडतायत याची तिला पर्वा नव्हती. मला त्या कोपऱ्यांचीपण काळजी वाटत होती.

"हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"गप्प बसायचं असतं ना."

"अगं, ते वर्गात! मी समासात लिहिलेल्या शेऱ्यांना उत्तर द्यायला कोणी अडवलंय?"

"तुम्ही कधी सांगितलंत असं?"

मी आठवून पाहिलं. नव्हतं सांगितलं.

"पण सोळाची मुलगी, रोशनी. अनोळखी माणसं, समुद्र, साडी नेसून उडी. कोणाला तरी विचारावंसं वाटणारच ना?"

"वाटू दे ना. मला लिहिताना पोटात गोळा यायचा. आत्या आली आणि तो गेला. मग मी नुसतं टाइप करत होते."

ती दाराकडे निघाली. ती आत्ता गेली तर पुढच्या शनिवारी येणार नाही, हे मला दिसत होतं. अशी गेलेली पोरं मी पाहिलीत. ती लिहिणंच सोडतात आणि वर भेटल्यावर छान हसतात.

"पहिला ड्राफ्ट आहे का?"

"तुमच्याकडेच आहे. मेलमध्ये."

"बस. मी उडीचं प्रकरण वाचते. आणि हे घे."

मी हिरवं पेन तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं, पाउचमध्ये टाकलं आणि चेन लावली.

लॅपटॉपवर मी वाचायला लागले. नटी छत्रीखाली खुर्चीत बसली आहे. रुचिका तिच्यासारख्याच पिवळ्या साडीत खडकावर उभी आहे. पहिली उडी चांगली पडते, पण मध्येच ऊन जातं. दुसऱ्या उडीला कॅमेऱ्यात काहीतरी बिघडतं. कोणी तिला थंडी वाजतेय का म्हणून विचारत नाही. मी बोटं मुठीत धरून ठेवली होती. तिसऱ्या उडीला खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांत तिचा पदर अडकतो. ती ओढते. सुटतो. ती वर येते. शॉट झकास झाला म्हणून सगळं युनिट टाळ्या वाजवतं.

वर आली. मला हायसं वाटलं. मी पुढच्या प्रकरणाकडे जाणार होते, तेवढ्यात कुठेतरी खुपलं म्हणून मागे आले. परत वाचलं. उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले, उभ्यानेच तिसऱ्यांदा वाचलं.

"काय झालं?" रोशनीने विचारलं. "आवडलं नाही?"

"इथे तू घाई केलीस."

"कुठे?"

"पाण्याखाली. पदर अडकला, ओढला, सुटला, आली वर. तुलाही तिला पटकन बाहेर काढायचं होतं. टाळ्या वाजतात तेव्हा मला त्या लोकांचा राग यायला हवा. नाही येत. कारण तिला काही झालंच नाही." मी ती ओळ बोटाने दाखवली. "तिला अजून खाली ठेव."

"हे तुम्ही म्हणताय?"

"मीच म्हणतेय. पटत नसेल तर आत्ता सांग. गप्प बसू नकोस."

"पटतंय. पण किती वेळ ठेवू?"

"ते तू ठरव. पदर सुटल्यासारखा वाटू दे आणि परत अडकू दे."

"बाप रे, ताई."

"आणि वर कोणाच्या लक्षात येत नाही."

"कोणाच्याच?"

एक बाई तरी असेल ना तिथे, मेकअपवाली, साडीवाली, जिला वाटेल की पोरगी अजून वर कशी आली नाही? शब्द ओठावर आले होते.

"कोणाच्याच नाही," मी म्हणाले.

तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मी समोर बसले. ती एक ओळ टाइप करायची, थांबायची, खालचा ओठ चावायची, दोन ओळी खोडायची. मी तिच्या बोटांकडे बघत होते, मग तिच्या चेहऱ्याकडे, मग परत बोटांकडे. चहा सांगू का, पंखा वाढवू का, मी दोन्ही विचारलं. तिने दोन्हीला मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

"ताई."

"काय गं?"

"तुम्ही जरा बाहेर जाता का? तुम्ही बघताय ना, म्हणून ती सारखी वर येतेय."

मी उठले. दार ओढून घेऊन जिन्यात उभी राहिले. खालून नितेशचं हसणं ऐकू येत होतं, कोणाची तरी खेचत होता. आतून टाइपिंगचा आवाज येत होता, भराभर. मग तो थांबला. मी कडीवर हात ठेवला. ती नुसती विचार करत असेल, पाणी पीत असेल. हात तसाच ठेवला, कडी उघडली नाही. बराच वेळ आत काहीच वाजलं नाही. मग पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा हळू. रुचिका अजून खाली होती की वर आली होती, हे बाहेरून कळायला काही मार्ग नव्हता.