पाहुण्यांना प्रवेश नाही

मी बोलतेय, आणि आज गोड बोलण्याच्या मनःस्थितीत अजिबात नाही. आवाज-उपचार केंद्रात टेबलाखाली, धूळ खात, जी काळी पेटी घुरघुरत असते ना, ती मी. इथल्या सगळ्या संगणकांच्या फाइली माझ्या पोटात असतात. कुणीही कुठल्याही खोलीतून मागावी, मी द्यावी, हे माझं काम.

घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज कायमचा जाणार असतो, त्यांना इथल्या ताई आधी बोलावून घेतात आणि त्यांची वाक्यं रेकॉर्ड करतात. पुढे ती त्यांच्या टॅबलेटवर चढवतात. बटण दाबलं की माणूस स्वतःच्या आवाजात पाणी मागतो.

पुकारबाई अशाच आल्या होत्या. भाजीबाजारात लिलाव पुकारायच्या, म्हणून हे नाव. ताईंनी "भूक लागली", "दुखतंय" असली वाक्यं पुढे ठेवली, तर म्हणाल्या, "एवढ्यावर माझा संसार चालायचा नाही हो!" मग नवऱ्याला दटावणं, नातीचे लाड, भांडणं, सगळं मनसोक्त बोलून घेतलं. ताईंची हसून हसून पुरेवाट झाली.

ऑपरेशननंतर त्या घरी बऱ्या होत असताना संगणकवाल्याने केंद्रातले सगळे संगणक अपग्रेड केले. पडदे झकपक झाले आणि त्यांवर मी कुणालाच दिसेनाशी झाले!

पुकारबाई टॅबलेट घेऊन नवऱ्याबरोबर आल्या, तेव्हा कुठे हे ताईंच्या लक्षात आलं. फोल्डर उघडायला गेलं की पडद्यावर एक सूचना यायची. ताईंनी बोलावून आणलेला संगणकवाला ती बंद करायचा. पुन्हा आली, पुन्हा बंद. वाचायचं नाव नाही! मग त्याने माझी वायर उपटली, परत खुपसली, वर डोक्यात टपली मारली. मी काय अडकलेला ड्रॉवर आहे?

"पेटी गेली," तो बिनदिक्कत म्हणाला. "म्हातारी झालीय. सगळं पुसून कोरी करतो, मग दिसेल."

"आणि आतलं?" ताईंनी विचारलं.

"दुसरी प्रत असेलच की तुमच्याकडे."

ताईंचा चेहरा पडला. प्रत नव्हती. माणसाचा अख्खा आवाज, आणि तो एकट्या माझ्या भरवशावर! मला त्यांचाही राग आला.

तरी संगणकवाल्याचं बोट माझ्या मागच्या, सगळं पुसून टाकणाऱ्या बटणाकडे निघालंच. "बघतो नुसतं," म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण एका मिणमिणत्या दिव्याने मी ओरडणार किती?

तेवढ्यात कुणीतरी त्याचं मनगट पकडलं. पुकारबाई! गळ्याला पट्टी, ओठ हलताहेत, आवाज नाही. दुसऱ्या हाताने त्या दाणदाण टेबल बडवत होत्या.

"अगं, हळू," नवरा म्हणाला, आणि पुढच्याच क्षणी त्याचाच पारा चढला. "हात काढा हो तुम्ही आधी! तिचं बोलणं आहे त्यात. परत कुठून आणू मी?"

"ती सूचना पुन्हा उघडा," ताई कडाडल्या. "आणि मोठ्याने वाचा."

तो अडखळत वाचू लागला. नाव आणि पासवर्ड न सांगता, पाहुण्यासारखं आत शिरणं नव्या सिस्टिमने बंद केलं होतं. बस, एवढंच! इतकी वर्षं माझं दार यांनीच सताड उघडं ठेवलं. आता नवे संगणक अशा दारातून आत यायला तयार नाहीत, तर म्हातारी कोण? मी! दुखणं दाराचं आणि निघाले माझं पोट फाडायला.

त्याने माझ्यात ताईंच्या नावाचं खातं उघडलं, पासवर्ड ठेवला, फोल्डर त्यांच्यासाठी खुलं केलं. संगणकातली जुनी जोडणी काढून नवी केली. फोल्डर उघडलं. एकूण एक वाक्य जागेवर होतं.

टॅबलेट भरला. नवऱ्याने आशेने कान पुढे केला. पण पुकारबाईंनी त्याला बाजूला सारलं, टॅबलेट संगणकवाल्याच्या तोंडासमोर धरला आणि बटण दाबलं. खोली दणाणली: "माल माझा आहे! हात लावून तर बघ!"

संगणकवाला मागे सरकला. नवरा हसत होता की रडत, मला कळलं नाही. बाईंनी तेच बटण पुन्हा दाबलं.

आता माझ्याशेजारी एक नवी पेटी आलीय. माझ्यातलं सगळं तिच्यात उतरतंय. ते झालं की मला बंद करतील. करा, खुशाल करा. पण उद्या पुन्हा काहीतरी अपग्रेड कराल आणि हीसुद्धा दिसेनाशी होईल. तेव्हा पुसायच्या आधी वाचा, एवढं तरी करा.

माझा राग अजून गेलेला नाही. शेवटचा आवाज पलीकडे पोहोचेपर्यंत तो जाऊही नये.