तीन आठवड्यांची अट

सपनाने दोन्ही हात टेबलावर ठेवले. सांधे सुजून गरम झालेले, डाव्या हाताची दोन बोटं वाकलेली. नवापूरची ही तिशीच्या आतली बाई, सासूबरोबर बोंबील सुकवून विकायची.

"सकाळी मूठच वळत नाय," ती म्हणाली.

डॉ. मेघाली चुरी बोईसरच्या एका धर्मादाय रुग्णालयातल्या एकट्याच सांधेरोगतज्ज्ञ. "आधी का नाही आलात?" त्यांचा आवाज जरा चढलाच.

सासू येसूबाई पुढे सरकली. "आलेलो ना, बाय. पावसाआधीच आलेलो. तुमच्या खिडकीवर दिवाळीनंतरची तारीख दिली. तवर ही दुखायच्या गोळ्या खात बसली."

मेघालींनी सपनाचे सांधे दाबून पाहिले. सूज औषधाने उतरेल, एवढं त्यांनी सांगितलं. बोटं सरळ होतील का, असं सपनाने विचारलं, तेव्हा त्यांना नाही म्हणावं लागलं.

दुपारी बैठक होती. संधिवाताच्या नव्या रुग्णांना कोणत्या दर्जाचे उपचार मिळायला हवेत, ते ठरणार होतं. अधीक्षक डॉ. शैलेश राऊत यांनी मसुदा वाचला, "रुग्णाची शक्य तितक्या लवकर तपासणी."

"ते खोडा, सर," मेघाली म्हणाल्या. "तीन आठवड्यांत तपासणी. निदान झालं की लगेच औषध."

"आकडा लिहिला की दर महिन्याला मोजावं लागेल," राऊत म्हणाले. "पहिली नापास होईल ती तुमचीच ओपीडी. विश्वस्त तुम्हालाच जाब विचारतील, मॅडम."

"विचारू देत. आज एका मुलीचा हात वाकडा झालेला पाहिला मी. माझ्याच तारखेची वाट बघत होती ती."

"आणि जागा कुठून काढाल? एकट्या आहात."

"ज्यांचा आजार काबूत आहे, त्यांना आपले फिजिशियन तपासतील. सोमवार फक्त नव्या रुग्णांचा."

"जुने रुग्ण भांडतील."

"माझ्याशी भांडतील."

राऊतांनी ती ओळ खोडली. तिथे तीन आठवडे लिहिले. "ठीक. पण निकाल वाईट आला तर तो लपवायचा नाही."

जुने रुग्ण खरंच भांडले. बेटेगावचे तात्या तर ओपीडीच्या दारातच ओरडले, "इतकी वर्षं आलो, आता आमी नको झालो?" मेघालींनी त्यांना हाताला धरून फिजिशियनकडे नेलं.

सपनाची सूज महिनाभरात उतरू लागली. ती पुन्हा मासळी साफ करायला बसली, पण वाकलेल्या बोटांमुळे डाव्या हातात मासा नीट धरता येत नसे.

महिन्याअखेरीच्या बैठकीत राऊतांनी निकाल वाचला. निम्म्याहून जास्त नव्या रुग्णांना मुदतीत तपासणी मिळाली नव्हती. या वेळी विश्वस्तही बसले होते. त्यांच्यापैकी एकाने घसा खाकरला.

त्याने तोंड उघडायच्या आत राऊत म्हणाले, "अट राहील. मॅडमना आणखी एक डॉक्टर लागेल. आज त्याबद्दल बोलू."