मिठागरातल्या बायांचा धक्का

वावळी बंदराच्या धक्क्यावर माहितीफलक लागणार, असं कळल्यावर अय्यूबभाईंना वाटलं, आता तरी कुणी धक्क्याची गोष्ट विचारील. लाँच बंद पडेपर्यंत बावीस वर्षं त्यांनी तिथं तिकिटं फाडली होती. त्याआधी त्यांच्या अब्बांनी. आता लाँच पुन्हा सुरू होणार होती. पण विचारायला कुणी आलं नाही, तेव्हा ते स्वतःच फलक लावणाऱ्या खात्याच्या पेणच्या कचेरीत गेले.

साहेबांनी ऐकून घेतलं. मीठ, तांदूळ, कौलं सगळं वावळीहून मुंबईला जायचं, आणि चढायला मात्र चिखलावर टाकलेली एक फळी. सहासष्ट साली बायजा नावाची मिठागरातली बाई डोक्यावरच्या पाटीसकट त्या फळीवरून घसरली नि भरतीच्या पाण्यात गेली. दुसऱ्या दिवसापासून बायांनी मीठ वाहायचं थांबवलं, काठावर बसून राहिल्या. एकोणीस दिवस मीठ नेणारे पडाव पाण्यात रिकामे उभे होते. तेव्हा कुठं व्यापाऱ्यांनी दगडी धक्का बांधला.

"पुरावा?"

"बायजाची सून आहे ना, ठमाबाय. तीही त्या बायांत होती."

"कागद आणा, भाई."

कागद कुठला? बंदरावरची दप्तरं कधीच पुरात गेली होती. मग अय्यूबभाई रोह्याला गेले आणि लेकीकडे राहणाऱ्या ठमाबाईंनाच गाडीत बसवून पेणला घेऊन आले. साहेब अलिबागला मीटिंगला गेलेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा आणलं, तर साहेबांची बदली झालेली. नव्या मॅडमनी मानही वर केली नाही. "मजकूर छापायला गेला."

परतताना मालगाडी पुढं काढायला त्यांची गाडी कासू स्टेशनात थांबली ती पाऊण तास हलेना. डब्यात उकडत होतं. ठमाबाई गुडघे चोळत म्हणाल्या, "अय्यूब, कशापायी जीव काढतोस रं?"

 कचेरीत सांगितलं नव्हतं ते अय्यूबभाईंच्या तोंडून इथं निघालं. "फळी कुजलेली हाय, हे अब्बांना ठाऊक होतं, ठमाबाय."

"तुज्या बापालाच का? आमाला नव्हतं ठाऊक? सगल्या जनींना ठाऊक हुतं. तरी चढायचो." ठमाबाई फणकारल्या, "म्हनून तर मंग बसलो ना आमी."

 अय्यूबभाईंनी पाण्याची बाटली उघडून त्यांच्यापुढं धरली.

लाँच पुन्हा सुरू झाली त्या दिवशी उद्घाटनाला दोघं गेले. फलक चांगला चकचकीत होता. अय्यूबभाईंनी तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. वावळी बंदर प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहे. व्यापाऱ्यांच्या औदार्यातून हा धक्का उभा राहिला.

"सासूचं नाव हाय का?" ठमाबाईंनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"नाय."

"आनि आमी बसलो त्ये?"

"त्येबी नाय."

ते तडक मॅडमकडे गेले. मॅडमच्या हातात हार होते. "भाई, अर्ज द्या. पुढच्या वेळी बघू."

"पुढच्या वेळी ठमाबाय असेल का?" ते ओरडलेच. चारजणांनी वळून पाहिलं, पुन्हा फोटोत तोंडं घातली.

ओहोटीमुळे लाँच खोळंबली होती. पायरीवर कंपनीत शिफ्टला निघालेल्या दोन पोरी बसल्या होत्या. ठमाबाई त्यांच्या शेजारी टेकल्या. "काय गो पोरींनो, हा धक्का कुनी बांधला ठाऊक हाय?" आणि त्यांनी फळीपासून सुरुवात केली. पोरींनी फोन खाली ठेवले. बायजा पाण्यात गेली तेव्हा धाकटीनं तोंडावर हात घेतला. बाया पाट्या उलट्या घालून बसल्या, व्यापारी आला, शिव्या देऊन गेला, आणि लाँचचा भोंगा वाजला.

"आजी, शिफ्ट चुकंल," म्हणत पोरी उठल्या.

"थांबा गो! अजून धक्का कुठं बांधलाय?"

पण त्या चढल्यासुद्धा. लाँच चिखल घुसळत निघाली. ठमाबाईंनी तिच्याकडे बघून मोठ्यानं शिवी हासडली. अय्यूबभाईंनी त्यांना हात दिला. रोह्याची गाडी गाठायची तर आत्ताच निघायला हवं होतं.