पावसात पाहिलेलं घर

"दोरी कुठं बांधलीस, संध्ये?"

विमलाबाईंनी छत्रीसुद्धा मिटली नव्हती. नाशिकहून घोटीपर्यंत एस.टी.च्या गळक्या खिडकीशी बसून आल्यामुळे एक खांदा पुरता भिजला होता. दारात लेक टॉवेल घेऊन उभी होती आणि विमलाबाई अंगणातच थांबल्या होत्या.

"कसली दोरी?"

"कपड्यांची. ऊन कुठं पडतं ते कपडे सांगतात."

"जुलैत घोटीला ऊन? कपडे आत पंख्याखाली वाळतात माझे. ये आधी, चहा टाकलाय."

विमलाबाई हलल्या नाहीत. मान वर करून त्यांनी पत्र्यावरून गळणाऱ्या पागोळ्या पाहिल्या, मग पाणी कुठून वाहतं, कुठं साचतं ते पाहिलं. तेव्हा कुठे संध्याच्या लक्षात आलं. आई घर बघायला आली होती. तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

नाशिकरोडच्या त्यांच्या कॉलनीत मुलीचं लग्न ठरलं, की विमलाबाईंकडून तिला गुलाबाचं एक झाड जायचं. दवाखान्यात आयाची नोकरी, सुट्टी एक रविवारची. तेवढ्यात त्या एस.टी. पकडून मुलीच्या सासरी जाऊन यायच्या. "मुलगा बघायला आम्ही, अंगण बघायला विमलताई," असं कॉलनीतले पुरुष हसायचे. पण कळवणच्या उन्हात तग धरलेला लाल गुलाब त्यांचा होता, आणि वणीच्या डोंगरवाऱ्यात न मोडता झुडपासारखा पसरलेला पिवळाही त्यांचाच. नर्सरीतल्या टवटवीत कुंड्यांकडे त्या बघायच्याही नाहीत. "ते झाड अजून पाहुणं आहे," म्हणायच्या. "आपला एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढू दे, मग बोलू."

संध्या छत्तीस वर्षांची झाली होती. लग्न केलं नव्हतं. घोटीच्या शाळेत शिकवत होती, आणि गेल्या वर्षी तिने या दोन खोल्या स्वतःच्या नावावर घेतल्या होत्या. कॉलनीतल्या कितीतरी मुलींच्या पाठवणीत तिने ते ओल्या गोणपाटात बांधलेलं रोप स्वतः टेम्पोत ठेवलं होतं. आपल्याला ते मिळणार नाही, हे तिने कधीच मान्य करून टाकलं होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

"आई," ती म्हणाली, "माझं लग्न नाही झालेलं."

"मला सांगतेस होय? मी आई ना तुझी." विमलाबाईंनी छत्री मिटली. "घर झालंय ना?"

चहा पिताना त्यांनी दारातून पुन्हा अंगण पाहिलं. मग म्हणाल्या, "तृप्तीचं घर मी डिसेंबरात पाहिलं होतं."

तृप्ती ही शेजारच्या सावित्रीबाईंची लेक, घोटीजवळच्या गावात दिलेली. विमलाबाई गेल्या तेव्हा अंगणात कोवळं ऊन होतं. त्यांनी भरगच्च पाकळ्यांचा टपोरा लाल गुलाब निवडला. पावसाळ्यात त्याच्या कळ्यांत पाणी भरलं आणि एकेक कळी न उमलताच तपकिरी होऊन गळाली. सासूने सुनेचा पायगुण काढला. तृप्तीने झाड स्वतःच्या हाताने उपटून टाकलं. विमलाबाई दुसरं रोप घेऊन गेल्या, तर सासूने त्यांना दारातूनच परत पाठवलं.

"हिवाळ्यात काय, कुठलंही घर चांगलंच दिसतं," त्या म्हणाल्या. "चूक माझी होती, बोलणी त्या पोरीने खाल्ली. चल, छत्री घे."

गावभर चिखल तुडवून झाल्यावर भाताच्या गिरणीमागे कुंपणाला टेकलेलं एक झुडूप त्यांना दिसलं. धो धो पावसात त्यावर फिकट गुलाबी फुलं उघडी होती. मोजक्याच पाकळ्या, पाणी पडलं की झुकून सांडून टाकणाऱ्या.

"लय साधं हाय ओ बाई ते," गिरणीवाल्या अक्काबाई आतून ओरडल्या. "कुणी डोक्यातबी माळत नाय. कळीचं घ्या की नाशकातून!"

"पावसात फुललंय ना?"

"त्याला काय धाड भरलीय! बारा महिने फुलतंय."

विमलाबाईंनी पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी तिरकी कापून घेतली. पागोळ्यांपासून दोन हात लांब, उतारावर, त्यांनी ती लावली. संध्या बघत राहिली. मनातून तिला तो टपोरा लालच हवा होता.

विमलाबाई गेल्या त्याही जुलैतच, पाच वर्षांनी. कॉलनीतल्या बुद्धविहारात जलदान विधीला लेकी जमल्या. कळवणची आली, वणीची आली. तृप्तीचं सोडलं तर झाडं सगळ्यांची जिवंत होती, पण पावसात धड फूल एकीच्याही झाडावर नव्हतं. फोटोसमोर बाजारातला झेंडू होता.

पांढऱ्या साडीतल्या संध्याने डबा उघडला. ओल्या फडक्यातली फुलं एकेक करून आईसमोर मांडली. सगळी उघडी होती.

"हा कुठला गं?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"घोटीचा."

"घोटीत गुलाब येतो?"

"येतो," संध्या म्हणाली. तिची मान ताठ होती. "माझ्या घरचा आहे. आईने दिलेला."

भन्तेजींचं त्रिसरण झालं, मेणबत्त्या अर्ध्या झाल्या, लोक पांगायला लागले. तेव्हा तृप्ती तिच्याजवळ येऊन बसली. फुलांकडे बघत तिने विचारलं,

"ताई, मला एक काडी देशील? आता अंगण माझंच आहे."

संध्याने डब्याचं झाकण लावलं. रविवारी शाळेला सुट्टीच असायची.

"पाऊस आहे तोवर येऊन जाते," ती म्हणाली. "कपड्यांची दोरी कुठं बांधलीस?"