कवळीतली सही

ही गोष्ट दोन हजार तीन सालची. फोटोचा रोल धुवायला टाकला की तीन दिवस वाट पाहावी लागे आणि परदेशी स्थायिक व्हायचे अर्ज जाडजूड पाकिटातून टपालाने जात, तेव्हाची.

तिला घरात धाकटी म्हणत. नवरा, सासूबाई आणि ती, असं तिघांचं घर. धाकटी कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. मेणात दात बसवावे तर तिनेच. परदेशात या कारागिरांना मागणी होती आणि अर्ज जवळजवळ पुरा झाला होता. अडला होता एका कागदावर: पाच वर्षं हेच काम केल्याचा पुरावा. पाकीट टपालात टाकायची मुदत वीस दिवस.

मालकाकडे पत्र मागायची सोय नव्हती. पॉलिश करणाऱ्याने सकाळी मागितलं होतं, तर दुपारपर्यंत त्याचा एप्रन रस्त्यावर आला होता. पगार हातात मिळे, हजेरीवही मालकाच्या कपाटात. नुसता वास लागला तरी नोकरी गेली असती, आणि अर्ज फेटाळला गेला तर परदेशही.

धाकटी कपाळाला हात लावून बसली असताना सासूबाई बेसिनपाशी आपली कवळी धूत होत्या.

"अगं, ही आत तुझीच सही ना?"

"हो आई. दोघांच्या कवळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून मी आत चिठ्ठी घालते. नंबर, तारीख, सही. वरून पारदर्शक थर."

"म्हणजे पुरावा माझ्या तोंडात, आणि तू इथे सुतकी चेहरा करून बसलीस?"

नवरा ताडकन उठला. "आई, तोंड उघड बघू!"

"आधी घालू तर दे मेल्या!"

दुसऱ्याच दिवशी धाकटीने दातांच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. लॅबला सर्वांत जास्त काम त्यांचंच. त्यांनी आपली रुग्णांची वही काढली. "तुम्ही गेलात तर नुकसान माझंच," त्या म्हणाल्या, "पण कवळ्या कोण करतं ते मला ठाऊक आहे. लिहून देते. तारखांना पुरावा म्हणून फोटो जोडा." त्यांनी स्वतः फोन करून चौदा जणांची परवानगी घेतली आणि मालकाच्या कानावर काही जाऊ द्यायचं नाही, अशी तंबीही दिली.

मग रविवारी जी वरात निघाली ती काय सांगावी! नवऱ्याच्या गळ्यात मित्राचा कॅमेरा, धाकटीच्या हातात यादी. जिने चढायचे, बेल वाजवायची, बशीत कवळी ठेवून फोटो काढायचा, की पुढचं घर. एक आजी म्हणाल्या, "थांबा, केस विंचरते."

"आजी, फोटो कवळीचा आहे."

"असू दे. माझीच आहे ना ती?"

संध्याकाळपर्यंत तेरा झाल्या. उरले भूगोलाचे मास्तर. पहिल्या वर्षातली एकच कवळी हाती लागण्यासारखी होती, ती त्यांची. ती नसती तर पाच वर्षं भरत नव्हती. मास्तर बाहेरगावी होते. "बुधवारी या," असा त्यांचा निरोप होता.

मंगळवारी दुपारी धाकटीने मान वर केली, तर काउंटरवर मास्तर उभे! तोंडावर रुमाल. आणि त्यांची कवळी मालकाच्या हातात, उजेडाला धरलेली. चहाचे डाग फोटोत वाईट दिसतील म्हणून मास्तरांनी ती पॉलिशला आणली होती, नेमकी याच लॅबमध्ये.

"हे आत काय लिहिलंय?" मालकाने विचारलं.

एरवी मास्तरांना नदीचा उगम विचारला, तर समुद्र येईपर्यंत ते थांबत नसत. पण चारचौघांत बोळकं दाखवणं त्यांना मरणाहून वाईट. ते फक्त मान हलवत राहिले.

"केस नंबर आहे साहेब," धाकटी म्हणाली. "अदलाबदल होऊ नये म्हणून."

"मग सही कशाला? माल माझ्या लॅबचा. खरवडून टाक."

मशीनचं चाक गरगरत होतं, मालक पाठीशी उभा. धाकटीने कवळी हातात घेतली, उलटसुलट केली.

"खरवडते. पण टाळू इथे पातळ आहे. भोक पडलं तर नवी करून द्यावी लागेल. फुकट."

मालकाने क्षणभर विचार केला. "राहू दे. नुसती चकचकीत कर."

तिने ती अशी चकचकीत केली की चिठ्ठीवरचं अक्षर न् अक्षर काचेखाली ठेवल्यासारखं दिसायला लागलं. संध्याकाळी ती फोटो काढायला मास्तरांकडे गेली.

"मास्तर, आज तुम्ही मला मारलंच होतंत!"

"मी एक अवाक्षर काढलं का?" मास्तर ऐटीत म्हणाले. "आणि बघा तरी, तारीख कशी चमकतेय!"

मुदतीला दोन दिवस असताना पाकीट टपालात पडलं. सात महिन्यांनी उत्तर आलं. 'अनुभव मान्य' एवढंच वाचून धाकटीने अशी किंकाळी फोडली की शेजारीण लाटणं घेऊन धावत आली.

डॉक्टरीणबाईंनी पुढे बारा वर्षं दवाखाना चालवला. तिच्यासारखी कारागीर त्यांना पुन्हा मिळाली नाही, असं त्या पत्रात लिहीत. मास्तर पाच वर्षांनी झोपेतच गेले. मालकाने लॅब भाच्याला दिली आणि रोज तिथे जाऊन त्याच्या चुका काढत बसू लागला. नवरा परदेशात आधी गोदामात लागला, मग गाडी चालवायला शिकवू लागला. सासूबाई थंडीला शिव्या देत सत्तराव्या वर्षी पोहायला शिकल्या आणि नव्वदी गाठून गेल्या. धाकटीने स्वतःची लॅब काढली. आता तिचे गुडघे दुखतात, तरी सकाळी आठला ती टेबलाशी असते.